गूगल स्कॉलरचे प्रोफाइल: न्यूरोसायन्सच्या संशोधकाला कितपत उपयोगी?

कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत फळमाशीच्या चेतापेशींवर काम करणारी पीएचडीची विद्यार्थिनी असो, परळच्या रुग्णालयातले न्यूरॉलॉजिस्ट असोत की पवईला न्यूरॉनची गणिती मॉडेल बांधणारे प्राध्यापक असोत, वर्षातून एकदा तरी तोच फॉर्म समोर येतो. एकूण पेपर किती, सायटेशन्स (म्हणजे आपल्या पेपरचे इतर लेखनात दिलेले संदर्भ) किती, एच-इंडेक्स किती? बहुतेक जण गूगल स्कॉलर, म्हणजे शोधनिबंध शोधण्याची आणि त्यांची सायटेशन्स मोजण्याची गूगलची सेवा, उघडतात, उजव्या बाजूच्या चौकोनातले आकडे उतरवून घेतात आणि फॉर्म पाठवून देतात. हे परीक्षण त्या चौकोनाचे आणि त्यामागच्या सेवेचे आहे.

मत आधीच सांगतो. आपले पेपर एका जागी गोळा करायला स्कॉलरइतके सोपे, फुकट आणि दूरवर पोहोचणारे दुसरे साधन नाही. मात्र प्रोफाइल साफ केलेले नसेल तर चौकोनातला आकडा चुकीचा असतो. आणि साफ केलेले असले, तरी एका न्यूरोसायंटिस्टची दुसऱ्याशी तुलना करायला तो आकडा अपुरा पडतो. सफाईला एक दुपार पुरते. तुलनेसाठी आणखी दोन-तीन साधने उघडावी लागतात, त्यांचेही बरेवाईट पुढे दिले आहे.

चौकोनात काय असते

स्कॉलर नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाले, लेखकांची प्रोफाइल २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. चौकोनात तीन ओळी असतात: एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स आणि आय-टेन इंडेक्स. प्रत्येकाचे दोन रकाने, एक आजवरचा आणि एक अलीकडच्या पाच वर्षांचा. एच-इंडेक्स हे माप भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडले: किमान सहा सायटेशन्स असलेले सहा पेपर असतील, पण किमान सात असलेले सात नसतील, तर एच-इंडेक्स सहा. आय-टेन म्हणजे दहा किंवा त्याहून जास्त सायटेशन्स असलेल्या पेपरची संख्या, आणि ते माप गूगलचे स्वतःचे आहे. एच-फाइव्ह नावाचा आणखी एक आकडा स्कॉलरवर दिसतो. तो जर्नलचा असतो, माणसाचा नव्हे. फॉर्ममध्ये तो स्वतःच्या नावापुढे लिहिलेला आढळतो, ते टाळावे.

एच-इंडेक्स हाताने काढून पाहिला की सफाई का करायची ते लगेच कळते. समजा दहा नोंदींची सायटेशन्स उतरत्या क्रमाने अशी आहेत: ४६, ३१, १९, १२, ९, ७, ६, ५, ३, १. सहाव्या नोंदीला ७ आहेत, म्हणजे सहा पेपरना किमान सहा सायटेशन्स आहेत. सातव्या नोंदीला ६ आहेत, तिथे गणित थांबते. एच-इंडेक्स ६, आय-टेन ४. आता यातली ५ सायटेशन्सची नोंद म्हणजे छापलेला पेपर आणि ३ सायटेशन्सची नोंद म्हणजे त्याच कामाचा बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या संकेतस्थळावरचा प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधी खुली केलेली आवृत्ती) असेल, तर दोन्ही मर्ज, म्हणजे एकत्र, केल्यावर एका नोंदीला ८ होतात. नवी यादी: ४६, ३१, १९, १२, ९, ८, ७, ६, १. सातव्या नोंदीला ७ आहेत, एच-इंडेक्स ७ झाला. एकूण सायटेशन्स १३९ होती, १३९च राहिली. नवे काहीही छापलेले नाही, फक्त फुटलेली नोंद सांधली.

हे उदाहरण मुद्दाम प्रीप्रिंटचे घेतले. बायोआर्काइव्ह २०१३ मध्ये सुरू झाले आणि त्यावरचा सर्वांत मोठा विभाग न्यूरोसायन्सचाच आहे. जर्नलकडच्या परीक्षणात पेपरचे शीर्षक बदलते, कधी पहिला लेखकही बदलतो. शीर्षक तेच राहिले तर स्कॉलर बहुधा दोन्ही नोंदी आपणहून जोडते, बदलले तर जोडेलच असे नाही. त्यामुळे हा घोळ न्यूरोसायन्समध्ये इतर विषयांपेक्षा जास्त भेटतो.

उघडणे आणि साफ करणे

प्रोफाइल उघडायला दहा मिनिटे लागतात. गूगल खात्याने शिरायचे, 'माय प्रोफाइल' घ्यायचे, नाव आणि संस्था लिहायची, आवडीचे विषय स्वल्पविराम देऊन लिहायचे. इथे नुसते 'न्यूरोसायन्स' लिहिले तर काही हजारांत आपण एक होतो. 'सेरोटोनिन', 'एपिलेप्सी सर्जरी', 'ड्रोसोफिला ऑल्फॅक्शन' असे नेमके शब्द लिहिलेले बरे. पुढे ईमेलची पडताळणी येते आणि तिथे जीमेल चालत नाही. संस्थेच्या पत्त्यावर आलेल्या दुव्यावर क्लिक केल्याशिवाय प्रोफाइल स्कॉलरच्या शोधात दिसत नाही. प्रोफाइल सार्वजनिक केले आहे तरी सापडत नाही, अशी तक्रार असेल तर कारण नव्वद टक्के हेच समजावे. ज्यांच्याकडे संस्थेचा ईमेल नाही त्यांनी आधी तो मागून घ्यावा, बाकीचे काम नंतर.

त्यानंतर स्कॉलर आपल्या नावाचे पेपर गठ्ठ्यागठ्ठ्याने दाखवते. गठ्ठा अख्खा उचलू नये, उघडून एकेक शीर्षक पाहावे. शेवटी एक प्रश्न येतो: यादीतले बदल आपोआप करायचे की ईमेलने विचारून? आधीपासून आपोआपचा पर्याय निवडलेला असेल तर तो बदलावा. या सेवेतला आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष हा आहे. एस. पाटील, ए. जोशी, एस. कुलकर्णी या नावांनी महाराष्ट्रात किती जण पेपर लिहितात याचा विचार करा. आपोआप चालू ठेवले की सहा महिन्यांत उसावरचा एक, पॉलिमरवरचा एक आणि हृदयशस्त्रक्रियेवरचा एक पेपर न्यूरोसायंटिस्टच्या यादीत येऊन बसतो. मुलाखतीच्या पॅनेलने तो पाहिला तर उरलेल्या यादीवरचाही विश्वास जातो. 'कॉन्फिगर आर्टिकल अपडेट्स' मध्ये जाऊन ईमेलचा पर्याय घ्या. महिन्यातून दोन-तीन मेल येतील, त्यांना उत्तर द्यायला काही सेकंद लागतात.

सफाईचा क्रम असा ठेवावा. यादी आधी वर्षानुसार लावून पाहायची. आपल्या पहिल्या पेपरच्या आधीच्या सालातली नोंद बहुधा परक्याची असते. ती निवडून डिलीट करायची. मग यादी शीर्षकानुसार लावायची, त्यामुळे जवळजवळ सारखी शीर्षके शेजारी येतात. प्रीप्रिंट आणि पेपर, ऑनलाइन आवृत्ती आणि छापील आवृत्ती, एकाच पेपरच्या चुकीच्या स्पेलिंगच्या नोंदी अशा जोड्या निवडून 'मर्ज' करायच्या, आणि मुख्य म्हणून डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) असलेली जर्नलची नोंद ठेवायची. शीर्षक बदललेले प्रीप्रिंट या क्रमात शेजारी येत नाहीत. ते बायोआर्काइव्हच्या पानावर पाहून हाताने शोधावे लागतात, कारण छापील पेपरचा दुवा तिथे दिलेला असतो.

मर्ज करताना एक मर्यादा पाळावी. परिषदेतला पोस्टरचा सारांश आणि नंतरचा पूर्ण पेपर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालिकेतला भाग एक आणि भाग दोनही वेगळे. असे पेपर एकत्र केले की एच-इंडेक्स फुगू शकतो आणि आकड्याशेजारी तारका येते. त्या तारकेचा अर्थ असा की या सायटेशन्समध्ये या पेपरशी न जुळणारीही असू शकतात. जाणकार परीक्षकाची नजर आधी तारकांवर जाते.

पेपर यादीत नसेल तर अधिकच्या खुणेवरून 'ॲड आर्टिकल्स' मध्ये शीर्षक शोधायचे. तिथेही नसेल तरच हाताने भरायचा. हाताने भरलेल्या नोंदीला स्कॉलरच्या साठ्यातला पेपर जुळला नाही तर सायटेशन्स शून्यच राहतात, म्हणून आधी शोध आणि मग भरणे. नवे पेपर स्कॉलरमध्ये आठवड्यातून अनेकदा येतात. पण आधीच आलेल्या पेपरच्या नोंदीत प्रकाशकाने दुरुस्ती केली तर ती दिसायला सहा ते नऊ महिने, कधी वर्षही लागते. लेखकाच्या नावाचे स्पेलिंग जर्नलच्या संकेतस्थळावर सुधारून घेतले आणि स्कॉलर तेच जुने दाखवत राहिले, तर घाबरू नये.

मराठी नाव, मुंबईचा पत्ता

आपल्याकडे हजेरीपटावर आडनाव आधी येते: पाटील सुनीता रमेश. जर्नलच्या फॉर्ममध्ये तीच सवय राहिली की शेवटचा शब्द आडनाव धरला जातो आणि नोंद होते 'रमेश पी. एस.'. पुढच्या पेपरला 'पाटील एस. आर.', त्याच्या पुढच्याला 'सुनीता पाटील', लग्नानंतर आडनाव बदलले तर चौथेच काही. स्कॉलरमध्ये हे सगळे हाताने एकत्र आणता येते. यंत्राने आपोआप बनवलेल्या यादीत मात्र एका बाईंच्या तीन-चार बाई होतात. उपाय पहिल्या पेपरपासूनचा आहे: नावाचे एकच रूप ठरवायचे, मधले नाव ठेवायचे की नाही ते ठरवायचे, आणि ते शेवटपर्यंत बदलायचे नाही. अगदी साध्या आडनावाच्या लोकांनी मधले आद्याक्षर जरूर ठेवावे.

दुसरी अडचण शहराची. शहराचे नाव १९९५ मध्ये मुंबई झाले, विद्यापीठाचे १९९६ मध्ये. आयआयटीच्या नावात बॉम्बे आजही आहे. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय, ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय, या जोड्या म्हणजे आपल्याला एकच जागा, पण डेटाबेसला चार संस्था. एखाद्या संशोधकाचे जुने पेपर पत्त्यावरून शोधायचे तर दोन्ही शहरनावे आणि दोन्ही संस्थानावे घेऊन चार वेळा शोधावे लागते.

पबमेड या वैद्यकीय आणि जैविक पेपरच्या सूचीत आणखी एक खाच आहे. २००२ च्या आधीच्या नोंदीत लेखकाचे आडनाव आणि आद्याक्षरेच असतात, पूर्ण नाव नसते. आणि साधारण २०१४ पर्यंत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवला जाई. न्यूरोसायन्समध्ये प्रयोगशाळेचे प्रमुख शेवटच्या जागी असतात. त्यामुळे 'आडनाव अधिक मुंबई' असा शोध घेतला की परदेशी पहिल्या लेखकाबरोबर केलेले जुने काम निसटते, आणि बहुतेक वेळा तेच महत्त्वाचे असते.

जुन्या पेपरच्या स्कॅन केलेल्या पीडीएफचेही असेच. स्कॉलरला शब्द ओळखता येणारी फाइल लागते, आकार पाच एमबीच्या आत लागतो आणि संदर्भांची यादी 'रेफरन्सेस' किंवा 'बिब्लिओग्राफी' या ठळक शीर्षकाखाली असावी लागते. नुसते चित्र म्हणून स्कॅन केलेला अंक संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवला तर त्यातले संदर्भ स्कॉलरला मोजता येत नाहीत. ग्रंथालयांनी जुने अंक चढवताना ओसीआर करून (चित्रातला मजकूर यंत्राला वाचता येईल असा करून) चढवले तर कित्येक ज्येष्ठांचे सायटेशन्स आज आहेत त्यापेक्षा खरे दिसतील. हे काम कुणीतरी मनावर घ्यावे असे आम्हाला फार वाटते.

आकडा वाचायचा कसा

स्कॉलरचा आकडा स्कोपस या वर्गणीच्या डेटाबेसपेक्षा जवळजवळ नेहमी मोठा असतो. कारण सरळ आहे: स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, पुस्तके, अहवाल, परिषदांचे पेपर सगळे मोजते. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातल्या प्रबंधात आपला संदर्भ असेल तर तोही येतो. यात गैर काही नाही, प्रबंधात वापरले जाणे हाही उपयोगच आहे. अडचण अशी की स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वेगळे काढण्याची सोय स्कॉलरमध्ये नाही. स्कोपसमध्ये सायटेशन ओव्हरव्ह्यू उघडून असे सेल्फ-सायटेशन वगळण्याची खूण करता येते, आणि हा आकडा मागितला असेल तर स्कोपसकडे किंवा पुढे येणाऱ्या वेब ऑफ सायन्सकडे वळावे लागते.

न्यूरोसायन्समध्ये आकडा कशाने फुगतो हेही ठाऊक असावे. सर्वांत आधी साधने आणि मोजपट्ट्या. डाव्या-उजव्या हाताचा कल मोजणारी एडिंबरा प्रश्नावली १९७१ ची, मिनी-मेंटल स्टेट परीक्षा १९७५ ची, प्रतिमा पाहण्यासाठीचे फिजी सॉफ्टवेअर २०१२ चे, प्राण्यांच्या हालचालींचा माग काढणारे डीपलॅबकट २०१८ चे. हे पेपर प्रचंड उद्धृत होतात, कारण ते वापरणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा संदर्भ द्यावाच लागतो. वापर मोठा आहे, म्हणून सन्मानही रास्त आहे. पण अशी संख्या एखाद्या शोधाच्या सायटेशनशेजारी ठेवून तुलना होत नाही. त्यानंतर येतात मोठ्या गटांचे पेपर. जागतिक रोगभाराचे अंदाज किंवा एनिग्मासारखे मेंदूच्या प्रतिमांचे जागतिक गट शेकडो लेखकांच्या नावाने छापतात. अशा एका पेपरमुळे तरुण डॉक्टरांचे एकूण सायटेशन्स काही महिन्यांत चार अंकी होऊ शकतात. स्कॉलरच्या यादीत लेखकांची नावे लांबली की तीन टिंबे येतात, त्यामुळे हा माणूस पहिला, शेवटचा की दोनशे चाळिसावा हे यादीवर दिसत नाही. पेपर उघडून पाहावाच लागतो. आढावा घेणारे लेख आणि प्रत्यक्ष प्रयोगाचे पेपर हेही वेगळे मोजावेत.

एच-इंडेक्सचा स्वभाव असा की तो कधी खाली येत नाही, फार तर स्कॉलरने एखादी चुकीची नोंद काढून टाकली तर. म्हणून पंचविशी ओलांडलेल्या कारकिर्दीचा एच-इंडेक्स नव्या प्राध्यापकाशेजारी ठेवणे अन्यायाचे आहे. पाच वर्षांचा रकाना त्यातल्या त्यात बरा. पण न्यूरोसायन्समध्ये पाच वर्षेही कधी अपुरी पडतात. त्याचे उदाहरण मुंबईतलेच आहे. जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजी उभी करणाऱ्या डॉ. नोशिर वाडियांनी आर. के. स्वामींबरोबर १९७१ मध्ये 'ब्रेन' या जर्नलमध्ये एक आनुवंशिक आजार मांडला. तोल जाणे आणि त्याबरोबर डोळ्यांच्या हालचाली विलक्षण मंदावणे हे त्याचे लक्षण. त्या आजाराचे जनुक १९९६ मध्ये सापडले, बाराव्या गुणसूत्रावर, आणि आज तो एससीए-टू या नावाने ओळखला जातो. मधे पंचवीस वर्षे गेली. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर आधीच्या दोन वर्षांतल्या पेपरना त्या वर्षी मिळालेल्या सायटेशनवर काढतात. या हिशेबात जनुक सापडल्यानंतर १९७१ च्या पेपरला मिळालेले एकही सायटेशन धरले जात नाही. रुग्णाला तपासून, नीट पाहून लिहिलेल्या पेपरचे मोल मोजायचे तर सायटेशन कुणी, केव्हा आणि कशासाठी दिले ते उघडून वाचावे लागते.

ते वाचायला सेमांटिक स्कॉलर कामाला येते. ॲलन इन्स्टिट्यूट फॉर एआयने २०१५ मध्ये सुरू केलेली ही फुकट सेवा आहे. संदर्भ पार्श्वभूमीसाठी दिला, पद्धतीसाठी दिला की निष्कर्षासाठी, याची ती यंत्राने वर्गवारी करते. वर्गवारी चुकते, म्हणून आकडा म्हणून वापरू नये. पण चारशे सायटेशन्समधली कोणती वीस वाचायची हे ठरवायला चांगली.

बाकीची साधने

वैद्यकीय न्यूरोसायन्ससाठी आम्ही आयसाईट सगळ्यांत वर ठेवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे हे साधन फुकट आहे आणि खातेही लागत नाही. पबमेडमध्ये आपले पेपर शोधायचे, बरोबर असतील तेवढे निवडायचे, 'सेव्ह' मधून फक्त पीएमआयडी क्रमांकांची (पबमेडने पेपरना दिलेल्या क्रमांकांची) फाइल घ्यायची आणि ते क्रमांक आयसाईटमध्ये चिकटवायचे. प्रत्येक पेपरपुढे आरसीआर नावाचा आकडा येतो. पेपरबरोबर जे पेपर उद्धृत होतात त्यांच्यावरून यंत्र त्याचे क्षेत्र ठरवते, त्या क्षेत्रात वर्षाला किती सायटेशन्स अपेक्षित ते काढते आणि त्याच्याशी तुलना करते. त्याच वर्षीच्या, त्या संस्थेच्या अनुदानातून झालेल्या पेपरचा मध्य १.० धरलेला आहे. माशीच्या घ्राणेंद्रियाचे क्षेत्र लहान, कार्यात्मक एमआरआयचे प्रचंड. दोन्हींची कच्ची सायटेशन्स शेजारी ठेवणे म्हणजे कोकणातला पाऊस सोलापूरच्या पट्टीने मोजणे. आरसीआर निदान पट्टी बदलते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. वेटेड आरसीआर म्हणजे सगळ्यांची बेरीज, मीन म्हणजे सरासरी. फॉर्ममध्ये कोणता लिहिला ते नमूद करावे, नाहीतर जास्त पेपर असलेला माणूस आपोआप मोठा दिसतो. आणि नुकत्याच आलेल्या पेपरचे आकडे तात्पुरते असतात, त्यावर काही ठरवू नये. आयसाईटच्या दुसऱ्या टॅबमध्ये पेपर माणसावरचे, प्राण्यांवरचे की पेशी-रेणूंच्या पातळीवरचे हे त्रिकोणात दाखवले जाते, आणि पुढे एखाद्या रुग्णचाचणीत किंवा मार्गदर्शक सूचनांत त्याचा संदर्भ आला का तेही. प्रयोगशाळा ते रुग्णशय्या असा दावा अर्जात करणाऱ्यांनी हे चित्र आधी स्वतः पाहावे.

मर्यादा मोठी एकच: पबमेडमध्ये नसलेले काम आयसाईटला दिसत नाही. संगणकीय न्यूरोसायन्स करणाऱ्यांचे परिषदांतले पेपर, न्यूरिप्स या यंत्रशिक्षणाच्या मोठ्या परिषदेसकट, तिथे बहुधा नसतात. पवईच्या गणिती मॉडेलवाल्यांनी आयसाईटवर स्वतःला मोजू नये.

स्कोपस एल्सेव्हिअर या प्रकाशकाचे. पूर्ण वापराला वर्गणी लागते, पण लेखकाचे प्रोफाइल मोफत पाहता येते. इथे फरक महत्त्वाचा आहे: स्कॉलरचे प्रोफाइल आपण बनवतो, स्कोपसचे आपल्या नकळत तयार झालेले असते, आणि वर सांगितलेल्या नावाच्या घोळामुळे बहुधा दोन-तीन असतात. लेखकशोधात आडनाव आणि नाव उलटसुलट घालून पाहावे, सापडलेली सगळी प्रोफाइल निवडून ऑथर फीडबॅक विझार्डमधून मर्जची विनंती करावी. परक्याचे पेपर त्याच ठिकाणी नाकारता येतात. दुरुस्ती माणसे तपासतात, म्हणून वेळ जातो. पदोन्नतीची तारीख जवळ असेल तर आधीच करावी.

वेब ऑफ सायन्स त्याहून निवडक. त्याची परंपरा यूजीन गारफील्ड यांच्या १९६४ च्या सायन्स सायटेशन इंडेक्सपर्यंत जाते, आता ते क्लॅरिव्हेटकडे आहे. सायटेशन रिपोर्टमध्ये सेल्फ-सायटेशन वगळलेला आकडा शेजारीच मिळतो. संस्थेची वर्गणी असेल तर जरूर पाहावे. इम्पॅक्ट फॅक्टर इथलाच, आणि तो जर्नलचा. ईलाइफमध्ये न्यूरोसायन्सच्या प्रयोगशाळा भरपूर छापतात. त्या जर्नलने २०२३ मध्ये परीक्षणाची पद्धत बदलली आणि त्यानंतर त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर बंद झाला. आत छापलेल्या पेपरचा दर्जा त्या दिवशी बदलला नाही.

ऑर्किड मोजमाप करत नाही, ओळख देते. २०१२ पासून चालू असलेला हा संशोधकाचा सोळा आकडी क्रमांक, फुकट. पेपर पाठवताना ऑर्किड दिला आणि क्रॉसरेफला (पेपरचे डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेला) परवानगी दिली की पुढचे पेपर आपोआप यादीत येतात. स्कोपसमधले पेपरही तिथे खेचता येतात. दहा मिनिटांचे काम आहे, पहिला पेपर पाठवण्याआधी करावे. ओपनॲलेक्स २०२२ मध्ये, मायक्रोसॉफ्टचा शैक्षणिक साठा बंद झाल्यावर सुरू झाले. सगळा डेटा खुला असल्याने अख्ख्या विभागाचा हिशेब काढायला सोयीचे, एका माणसासाठी मात्र नावांची फोड अजून कच्ची. पब्लिश ऑर पेरिश हे मोफत सॉफ्टवेअर स्कॉलरमधले निकाल तक्त्यात उतरवून देते. एका शोधात हजार निकालांची मर्यादा आहे, आणि लागोपाठ शोध घेतले की गूगल अडवते, तेव्हा सावकाश.

मागे घेतलेले पेपर

ही बाजू स्कॉलरमध्ये सर्वांत कमकुवत आहे. अल्झायमर्सवरचा, अमायलॉइड या मेंदूत साठणाऱ्या प्रथिनाच्या एका विशिष्ट रूपाबद्दलचा २००६ चा 'नेचर'मधला पेपर जून २०२४ मध्ये मागे घेतला गेला. तोवर तो हजारो वेळा उद्धृत झाला होता. सायटेशनचा आकडा पेपर खरा की खोटा हे सांगत नाही, आणि स्कॉलरच्या यादीत अशा पेपरवर ठळक शिक्का दिसेल याची खात्री नाही. पबमेडमध्ये तो ठळक असतो. मागे घेतलेल्या पेपरची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा साठा क्रॉसरेफने २०२३ पासून खुला केला आहे, आणि झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ ठेवत असाल तर मागे घेतलेल्या पेपरवर इशारा आपोआप येतो. प्रबंध जमा करण्यापूर्वी संदर्भांची अख्खी यादी एकदा झोटेरोतून फिरवून घ्यावी.

राहिला फॉर्म. आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख लिहिणे एवढी एक सवय लागली तर निम्मे वाद मिटतील. स्कॉलर आणि स्कोपसचे आकडे एका बेरजेत मिसळू नयेत. त्यापुढे आपले तीन पेपर निवडून प्रत्येकाखाली आपण काय केले ते एका ओळीत लिहावे. साधारण असे: 'सायटेशन्स १३९, एच-इंडेक्स ७, गूगल स्कॉलर, प्रीप्रिंट मर्ज केलेले, पाहिल्याची तारीख अमुक. स्कोपस, सेल्फ-सायटेशन वगळून, इतके. पेपर एक: पहिली लेखिका, उंदरांवरचे सर्व रेकॉर्डिंग आणि विश्लेषण माझे.'